सण ओळखावा पानावरून



कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो तिथे, एकेकाळी तेल्यांची दोन नावे प्रचारात होती. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. सोमवार हा शंकराचा वार, तेव्हा पहिल्यांचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. दुसऱ्यांचे कारण गावाने विचारले असेल-नसेल, पण नाव मात्र ठेवून टाकले. शनिवारी यांचा बैल मोकळा, घाणा उभा आणि चूल थंड. शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आत रांधून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच खायचे, असा यांचा शिरस्ता.

हे शनवार तेली म्हणजे आपले बेने इस्रायल. ‘आपले’ म्हणतो ते उगीच नव्हे. यांची मातृभाषा मराठी. आडनावे पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, म्हणजे प्रत्येकाच्या नावामागे कोकणातले एक गाव उभे आहे. आणि धर्म मात्र यहुदी.

ते कोकणात कसे आले, याची त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बायका एवढीच माणसे तरली. बुडालेल्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली, ती त्यांनी तिथेच पुरली. धर्मग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. हे केव्हा घडले, याबद्दल पंडितांत एकमत नाही. पण कथेतली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही माणसे किनाऱ्याला लागली ती रिकाम्या हातांनी. पोथी नाही, पुरोहित नाही, देऊळ नाही. हिब्रू भाषाही हळूहळू गेली, आणि जिभेवर राहिला तो ‘शेमा’, म्हणजे देव एकच आहे असे सांगणाऱ्या प्रार्थनेचा आरंभ.

मग आपण यहुदी आहोत हे त्यांना शतकानुशतके आठवले तरी कसे?

याचे उत्तर मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडते. आणि गंमत अशी, की त्यांच्या परंपरेतली दुसरी मोठी कथाही नेमकी स्वयंपाकघरातलीच आहे.

दावीद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी परदेशातून कोकणात आला. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा समजतात, तर कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला. शनिवार पाळणारे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारे हे तेली पाहून त्याला संशय आला, की हे आपल्यातले तर नव्हेत? पण खात्री कशी करावी? पुरुषांना शास्त्र विचारावे तर त्यांना ते येत नव्हते. मग त्याने, कथा सांगते, बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि ती रांधायला सांगितली. बायकांनी मासे निवडायला घेतले. ज्यांना पर आणि खवले होते ते एकीकडे ठेवले, बाकीचे बाजूला सारले. ‘हे आम्ही खात नाही,’ म्हणाल्या. का खात नाही, ते त्यांना सांगता आले नसेल. पण राहाबीला ते सांगावे लागले नाही. पर आणि खवले असलेला मासाच खावा, ही मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा त्या बायकांच्या हातात होती. त्याने या लोकांना आपले मानले, आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतल्या तिघांना धर्माचे शिक्षण देऊन समाजाची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली. त्यांना लोक ‘काजी’ म्हणू लागले.

आता ही कथा इतिहास म्हणून किती खरी आणि किती नाही, याचा वाद आपण बाजूला ठेवू. कोकणच्या किनाऱ्यावर राहून हा नियम पाळणे म्हणजे काय, एवढेच ध्यानात घ्या. सुरमई, रावस, पापलेट, बांगडा चालेल, पण कोळंबी नाही, चिंबोऱ्या नाहीत, तिसऱ्या नाहीत, कालवे नाहीत, मुशी नाही, पाकट नाही. शेजारच्या घरातून कोलंबीच्या कालवणाचा वास येत असताना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला हात लावला नाही, त्यांना आपण वेगळे आहोत हे विसरायला सवडच मिळाली नाही.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. यहुदी शास्त्राप्रमाणे मांसाच्या जेवणात दूध, दही, लोणी, तूप काहीच चालत नाही. युरोपातल्या यहुदी बायकांना यातून वाट काढताना फार यातायात करावी लागली. कोकणात ती वाट दारातच उभी होती. नारळ! मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध, भातावर नारळाचे दूध, आणि जेवणानंतरचे गोड करायचे तर तेही नारळाच्या दुधात. शास्त्रही सांभाळले आणि चवही. एका बाजूने शेजाऱ्यांच्या जिनसा घ्यायच्या आणि दुसऱ्या बाजूने आपला नियम राखायचा, ही तारेवरची कसरत या बायकांनी इतक्या सहज केली की कोणाला ती दिसलीच नाही. आणखी एक सांगण्यासारखे. जुन्या काळी कोकणातल्या या घरांत गोमांस खात नसत. धर्माची त्याला आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती शेजारधर्माची.

आता सणांकडे वळू. पोथ्या नसल्या तरी पंचांग लागतेच. पण यहुद्यांचे आणि आपले पंचांग दूरचे नातेवाईक शोभावेत इतके सारखे आहे. दोन्हींत महिने चंद्राचे आणि वर्षाचा मेळ सूर्याशी. त्यासाठी दोन्हींत अधिक महिना येतो, आणि एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने धरून हिशेब जमतो. त्यामुळे यांचे सण साधारण आपल्याच सणांच्या सोबतीने फिरतात. मूळची हिब्रू नावे विस्मरणात गेली तेव्हा या लोकांनी सणांना मराठी नावे दिली. ती नावे ऐकण्यासारखी आहेत, कारण त्यांतली कितीतरी पानावरच्या पदार्थावरून पडलेली आहेत.

वर्षाचा आरंभ, हिब्रूत रोश हशाना, तो यांचा ‘नव्याचा सण’. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तो येतो, आणि कोकणात ‘नव्याची पौर्णिमा’ही त्याच दिवसांत असते. वर्ष गोड जावे म्हणून काहीतरी गोड करायचे, ही चाल जगभरच्या यहुद्यांत आहे. युरोपात सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. आमच्या कोकणातल्या यहुद्यांच्या घरी मात्र गव्हाच्या चिकाचा हलवा होतो.

हा हलवा सोपा नव्हे बरं का! गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते वाटून, पिळून, गाळून त्यांचा चीक काढायचा, आणि तो खाली बसला की वरचे पाणी ओतून द्यायचे. त्या चिकात नारळाचे घट्ट दूध आणि साखर घालून सगळे मोठ्या भांड्यात चुलीवर चढवायचे आणि ढवळत राहायचे. घटका-दोन घटकांचे हे काम नाही. मिश्रण भांड्याच्या कडा सोडीपर्यंत हात थांबवता येत नाही. एकटीच्या दंडाला ते झेपत नाही, म्हणून जावा, नणंदा, शेजारणी पाळीपाळीने कालथा हातात घेतात. शेवटी ते ताटात थापायचे, वरून वेलची, बदाम, पिस्ते पेरायचे आणि शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडायच्या. या हलव्याची वडी एका घरात कधीच राहत नाही. ताटे झाकून घरोघर जातात. नव्या वर्षाचा निरोप हाच.

त्याच महिन्यात ‘खिरीचा सण’ असे. तांदूळ, नारळाचा रस आणि गोड घालून केलेली खीर पुढे ठेवायची, ऊद जाळायचा, ‘शेमा’ म्हणायचा आणि मग ती वाटून खायची. शास्त्रात या दिवसांत सुक्कोथ म्हणजे मांडवांचा सण येतो, तो मुळात सुगीचा. मांडव विसरले, पण नव्या धान्याचा आनंद खिरीच्या वाटीत शिल्लक राहिला, असे दिसते.

योम किप्पूर, म्हणजे पापक्षालनाचा कडकडीत उपास, त्याला यांनी नाव दिले ‘दारफळणीचा सण’. दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढायचा. आदल्या दिवशी घरातले पूर्वज येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात, असा जुना समज होता. आपला पितृपक्ष याच सुमारास असतो, हे वेगळे सांगायला नको. उपासाच्या दुसऱ्या दिवसाचे नाव ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांच्या घरी जायचे.

आब महिन्याच्या नवमीला यरुशलेमचे मंदिर दोनदा पडले, असे यहुदी मानतात. हा शोकाचा दिवस, आणि त्याला कोकणात नाव आहे ‘बिरड्याचा सण’. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य. तेव्हा वाल भिजवायचे, मोड आणायचे, साले काढायची आणि त्यांचे बिरडे करायचे. श्रावणात आपल्या घरी होते तेच बिरडे! यरुशलेमच्या मंदिराचे नाव विसरले असेल, ते कोणी पाडले हेही विसरले असेल. पण वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी मांस शिजवायचे नाही, वाल सोलायचे आणि उपास सोडायचा, एवढे कोकणातल्या बाईच्या लक्षात राहिले. हजारो कोसांवरच्या शहराचे दुःख वालाच्या डाळिंबीत जपून ठेवले गेले. इतिहास जपण्याची याहून साधी रीत मला तरी माहीत नाही.

फाल्गुनाच्या सुमारास पुरीम येतो, तो यांचा ‘होळीचा सण’. पौर्णिमा जवळजवळ एकच, आणि पुरणपोळीही तीच. पेसाह, म्हणजे मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण, त्याचे जुने नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. म्हणजे काय? तर घरात आंबट रसाचे एक मडके असे, कालवणाला ते लागे. या सणाच्या आठ दिवसांत ते झाकून ठेवायचे. मूळ आज्ञा अशी की खमीर, म्हणजे आंबवलेले काही, घरात असू नये. आज्ञेचे शब्द गेले, कारण गेले, पण मडक्यावरचे झाकण राहिले.

श्रोत्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. काजी, रोजा, उरूस हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेले. आपल्या प्रार्थनामंदिरालाही हे लोक ‘मशीद’च म्हणत. मुंबईत मांडवीला सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली बांधलेले पहिले सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच प्रसिद्ध झाले. होळी, बिरडे, खीर हे हिंदू शेजाऱ्यांच्या घरातले. शब्द दुसऱ्यांचे, जिनसा दुसऱ्यांच्या आणि आशय मात्र स्वतःचा. हे कोणावर लादलेले नव्हते, आणि कोणी कोणाचे चोरलेही नव्हते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. कोचीनहून यहुदी शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. बायबल मराठीत आले. मग या लोकांना कळले की आपला नव्याचा सण म्हणजे रोश हशाना आणि बिरड्याचा सण म्हणजे तिशा बेआब. विसरलेले मूळ सापडले. हनुक्का हा दिव्यांचा सण त्यांना पूर्वी माहीतच नव्हता, तो आता पाळला जाऊ लागला. पेसाहच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचायची पोथी, हगादा, ती 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. 1874 साली पुण्यात आणखी एक निघाली. तीत चित्रे आहेत, आणि त्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिरी भाकरी करताना दिसतात. मिसर देशातून सुटका झाल्याची गोष्ट मराठीत वाचायची, समोर ताटात बिनखमिरी भाकर, कडू पाला आणि खजुराचा गोड पाक. एका पंगतीला आजोबा, सुना, नातवंडे. धाकट्या मुलाने विचारायचे, ‘आजची रात्र निराळी का?’ आणि मोठ्यांनी सांगायचे. ग्रंथ परत मिळाला, पण तोही जेवणाच्या पंगतीतच उघडायचा होता.

या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून ठेवला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. जुन्या सणांची नावे आणि रीती आज आपल्याला कळतात त्या बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

आता ‘मलिद्या’बद्दल दोन शब्द. हल्ली वर्तमानपत्रांत हा शब्द भलत्याच अर्थाने येतो, अमक्याने मलिदा खाल्ला वगैरे. बेने इस्रायलांचा मलिदा पवित्र आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा यांचे मिश्रण ताटात रचायचे आणि भोवती पाच प्रकारची फळे मांडायची. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, हा या समाजाचा मोठा आधार. घराघरांत त्याची तसबीर असते. लग्न, बारसे, नवे घर, आजारातून उठणे, परदेशी जाणे किंवा सुखरूप परतणे, अशा प्रत्येक प्रसंगी त्याच्या नावाने मलिदा करायचा. झाडाच्या फळांवर, जमिनीच्या उत्पन्नावर, सुवासावर वेगवेगळे आशीर्वाद म्हणायचे आणि मग जमलेल्या प्रत्येकाला वाटायचा. अलिबाग तालुक्यात खंडाळे नावाचे गाव आहे (घाटातला खंडाळा नव्हे!). तिथे एका खडकावर एलियाच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापेच्या खुणा आहेत, असे मानतात. माघातल्या पौर्णिमेच्या सुमारास तिथे जाऊन मलिदा करण्याच्या रिवाजाला ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ असे नाव होते. ही रीत दुसऱ्या कोठल्या देशातल्या यहुद्यांत नाही. ती कोकणातच जन्मली.

1948 साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची वस्ती वीस हजारांच्या घरात होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. पण तिथे एक विलक्षण प्रकार घडला. यांचे यहुदीपण निर्भेळ आहे काय, अशी शंका तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी काढली. 1962 साली असे नियम आले की या समाजातल्या कोणाला इतर यहुद्यांत विवाह करायचा तर पूर्वजांची चौकशी व्हावी. हजारो वर्षे ज्यांनी कोळंबीला हात लावला नाही, त्यांना पुन्हा एकदा मासळीच्या टोपलीपुढे बसवण्यात आले! फरक एवढाच, की राहाबीने हात पाहिले होते आणि हे कागद मागत होते. लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. 1964 सालच्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न तिथल्या संसदेत आला. बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर झाले आणि धर्माधिकाऱ्यांनाही नियम बदलावे लागले.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली त्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना या इस्रायलमधल्या गावांत मात्र मराठी ऐकू येते, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. तिथल्या घरांतही मलिदा होतो, पोहे भिजतात, नारळ खवला जातो. मुले हिब्रू बोलतात. नव्याचा सण, बिरड्याचा सण ही नावे त्यांच्या तोंडी किती दिवस राहतील, कोण जाणे. नाव गेले तरी पदार्थ राहतो, हे एकदा होऊन गेलेले आहे. पदार्थ राहिला तर नावही केव्हातरी परत मिळते, हेही होऊन गेलेले आहे. मात्र दोन्ही एकदम गेली तर शोधायला काहीच उरत नाही.

इतिहास म्हटला की आपण ताम्रपट शोधतो, बखरी चाळतो, शिलालेख वाचतो. ते करायला हवेच. पण ज्यांच्याजवळ ताम्रपट नव्हते अशा एका समाजाने आपली ओळख चुलीपाशी राखली, आणि ती राखणाऱ्या बायकांची नावे कोठल्याही बखरीत नाहीत. तुमच्या घरातही एखादी म्हातारी अमक्या दिवशी अमकेच का करते, ते तुम्ही कधी विचारले आहे का? तिला कदाचित सांगता येणार नाही. तरी विचारा, आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. तेवढ्यात ताटात वाढलेले गार होऊ देऊ नका म्हणजे झाले.